जुने पॉप-रॉक अल्बम नव्याने जमवताना: नेमकी कोणती आवृत्ती घ्यायची?

तबकडी

साठ ते नव्वदच्या दशकातले अल्बम पुन्हा ऐकून संग्रहात नीट लावायला हल्ली बरेच जण सुरुवात करताहेत. कोणता अल्बम श्रेष्ठ यावर चर्चा भरपूर होते, ती इथे नको. या धाग्यात प्रश्न एवढाच: अल्बम ठरला की त्याची कोणती आवृत्ती घ्यायची, ती ओळखायची कशी आणि घेतल्यावर सांभाळायची कशी.

आधी तीन शब्दांची गल्लत सोडवू. मिक्स म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित झालेले गिटार, ड्रम, गायन एकत्र आणून केलेली स्टीरिओ किंवा मोनो टेप. मास्टर म्हणजे त्या टेपची पातळी, ईक्यू (खर्ज-तार सुरांचा समतोल), कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणं) ठरवून एलपी किंवा सीडीसाठी तयार केलेली प्रत. प्रेसिंग म्हणजे त्या मास्टरवरून कारखान्यात छापलेल्या तबकड्या. रीमास्टरमध्ये मिक्स तोच राहतो, फक्त त्याच्यावरचे संस्कार बदलतात. रीमिक्समध्ये ड्रमची जागा, प्रतिध्वनी, गाणं कुठे विरत जातं, सगळंच बदलू शकतं. मुखपृष्ठावर मात्र दोन्ही वेळा बहुतेक ‘रीमास्टर्ड’ एवढंच छापलेलं असतं.

याने किती फरक पडतो ते बघा. झेडझेड टॉपचे सत्तरच्या दशकातले बहुतेक अल्बम १९८७च्या ‘सिक्स पॅक’ संचासाठी रीमिक्स केले गेले. त्यात ड्रमचा आवाज ऐंशीच्या दशकातला, प्रतिध्वनीने भरलेला आहे. सीडीवर बरीच वर्षं हेच मिक्स मिळत होतं. ‘त्रेस ओम्ब्रेस’ आणि ‘फँडँगो!’चे मूळ मिक्स २००६मध्ये परत आले, आणि मूळ मिक्सचा मोठा संच २०१३मध्ये निघाला. त्याहून पुढचं उदाहरण ऑझी ऑस्बोर्नचं. ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’च्या २००२च्या आवृत्तीत बास आणि ड्रम काढून टाकून दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतले होते. मूळ वादन २०११च्या आवृत्तीत परतलं. म्हणजे २००२ची सीडी घेतली तर रँडी ऱ्होड्सची गिटार ऐकू येते, पण त्याच्या मागे त्या वेळी वाजवणारी माणसं नसतात.

कधी गाण्यांची यादीच वेगळी असते. जिमी हेंड्रिक्सच्या ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’ (१९६७) या अल्बमची ब्रिटिश आणि अमेरिकन यादी एक नाही: अमेरिकन प्रतीत तीन सिंगल्स आत आली आणि त्यासाठी तीन गाणी बाहेर गेली. बीटल्सचा ‘रबर सोल’ अमेरिकेत वेगळ्याच गाण्याने सुरू होतो. किंक्सचा ‘व्हिलेज ग्रीन’ (१९६८) ब्रिटनमध्ये १५ गाण्यांचा, तर युरोपातल्या काही देशांत त्याआधीच ठरलेला १२ गाण्यांचा.

ज्यांना ज्या भागाची माहिती आहे त्यांनी ती तपशिलासह लिहावी. ‘जपानी प्रेसिंग भारी असतं’ यासारख्या मोघम वाक्यांचा कुणाला उपयोग नाही.

मंद्र

उत्तम धागा. मोनो-स्टीरिओचं मी घेतो.

१९६८पर्यंतच्या बऱ्याच पॉप-रॉक अल्बमचं खरं काम मोनोत झालं, कारण ऐकणाऱ्यांच्या घरी आणि रेडिओवर मोनोच होतं. ‘सार्जंट पेपर’ (१९६७)च्या मोनो मिक्सला बीटल्स स्वतः हजर होते. स्टीरिओ मिक्स त्यांच्याशिवाय, त्या मानाने झटपट उरकलं गेलं. फरक कानाला सहज कळतो. ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोत वेगवान आणि वरच्या पट्टीत आहे, स्टीरिओत संथ आणि खाली. ‘व्हाइट अल्बम’मधलं ‘हेल्टर स्केल्टर’ मोनोत लवकर संपतं. विरून पुन्हा वर येणारा शेवट आणि रिंगोची ती प्रसिद्ध आरोळी फक्त स्टीरिओत आहे.

‘पेट साउंड्स’ (१९६६) तर मोनो म्हणूनच घडवला गेला. ब्रायन विल्सन यांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं. त्याचं पहिलं खरं स्टीरिओ मिक्स १९९७च्या ‘पेट साउंड्स सेशन्स’ संचात आलं. त्याआधीच्या कुठल्याही प्रतीवर ‘स्टीरिओ’ लिहिलेलं असेल तर ते नकली स्टीरिओ आहे: मोनो आवाज दोन्हीकडे टाकायचा, एका बाजूला खर्ज वाढवायचा, दुसऱ्या बाजूला तार सूर, आणि मध्ये काही मिलिसेकंदांचा उशीर. कॅपिटल कंपनी याला ‘ड्युओफोनिक’ म्हणत असे. इतर कंपन्यांच्या मुखपृष्ठावर ‘इलेक्ट्रॉनिकली रीप्रोसेस्ड’ किंवा ‘रीचॅनेल्ड’ असे शब्द दिसतात. ओळखायची सोपी रीत: अँप्लिफायरचं मोनो बटण दाबा. नकली स्टीरिओत आवाज पोकळ होतो, नळीतून आल्यासारखा, कारण उशिराने आलेली प्रत मूळ आवाजातल्या काही कंप्रता खाऊन टाकते. खरं स्टीरिओ मोनोत असं कोसळत नाही.

जुनी मोनो एलपी स्टीरिओ कार्ट्रिजवर (सुई बसवलेला भाग) वाजवत असाल तरी ते बटण दाबून ठेवा. मोनो खाचेतला आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. धूळ आणि झीज सुईला वर-खाली हलवतात, आणि दोन चॅनेल एकत्र केले की तो उभा भाग एकमेकांना छेद देऊन बराचसा नाहीसा होतो. बटण नसेल तर रिप केल्यावर (आवाज फाइलमध्ये उतरवल्यावर) संगणकावर दोन्ही चॅनेल मिसळा.

चैत्रपालवी

म्हणजे साठच्या दशकातलं सगळं मोनोतच घ्यायचं का? हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी काय करावं?

मंद्र

सगळं नाही. ‘अॅबी रोड’ (१९६९) फक्त स्टीरिओतच मिक्स झाला, त्याला मोनो नाहीच. ब्रिटनमध्ये बीटल्सच्या अल्बमचं स्वतंत्र मोनो मिक्स ‘व्हाइट अल्बम’नंतर थांबलं. १९६८-६९नंतरची ‘मोनो’ प्रत बहुधा स्टीरिओचे दोन्ही चॅनेल एकत्र करूनच बनवलेली असते, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

हेडफोनसाठी प्रश्न योग्य आहे. त्या काळच्या स्टीरिओत गायन एका कानात आणि अख्खा वाद्यमेळ दुसऱ्या कानात असतो, अर्ध्या तासात डोकं जड होतं. यावर दोन उपाय: मोनो घ्या, किंवा आधुनिक रीमिक्स घ्या. ‘सार्जंट पेपर’चं २०१७चं रीमिक्स मोनोची पट्टी, वेग आणि समतोल समोर ठेवून केलेलं आहे, शिवाय गायन मधोमध आहे. हेडफोनसाठी ते उत्तम. पण संग्रहात एकच प्रत ठेवायची असेल तर मी मोनोच सांगेन. एक लक्षात ठेवा: ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’च्या १९८७च्या सीडी म्हणजे जॉर्ज मार्टिन यांनी तेव्हा नव्याने केलेलं स्टीरिओ मिक्स आहे. १९६५चं मूळ स्टीरिओ हवं असेल तर ते २००९च्या मोनो संचात त्या दोन सीडींवर मोनोबरोबर जोडलेलं आहे.

खरखर

एलपीकडे वळतो. प्रत ओळखायची ती रन-आउटवरून, म्हणजे शेवटचं गाणं आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवरून. मुखपृष्ठ आणि ℗ या ध्वनिमुद्रण हक्काच्या खुणेपुढचं साल फसवतात. ℗ १९७३ छापलेली प्रत १९९५चीही असू शकते.

तबकडी दिव्याखाली तिरपी धरा आणि पट्टीभोवती सावकाश फिरवा. मशीनने उठवलेले आणि हाताने कोरलेले, असे दोन प्रकारचे आकडे दिसतील. मॅट्रिक्स क्रमांकाच्या (त्या बाजूचा ओळख क्रमांक) शेवटी -१, -२ असा आकडा असतो तो त्या बाजूची कितवी लॅकर कापणी (साचे बनवण्यासाठी मूळ खाच कोरणं) आहे ते सांगतो. ब्रिटिश ईएमआयच्या तबकड्यांवर आणखी दोन खुणा असतात. मॅट्रिक्स सहा वाजण्याच्या जागी धरला की नऊच्या जागी मदर (ज्या धातूच्या प्रतीवरून साचे बनतात ती) क्रमांक आणि तीनच्या जागी स्टॅम्परची (तबकडी छापणारा साचा) अक्षरं. ती अक्षरं जी-आर-ए-एम-ओ-पी-एच-एल-टी-डी या दहांपैकी असतात आणि त्यांचा अर्थ अनुक्रमे १ ते ९ आणि ० असा लावायचा. ‘जीआर’ म्हणजे १२वा स्टॅम्पर. मदर १, स्टॅम्पर एक-अक्षरी, म्हणजे फार सुरुवातीची छपाई.

मग कोरलेली सही बघा. ‘लेड झेपेलिन २’ (१९६९)च्या अमेरिकन प्रतीवर दोन्ही बाजूंना ‘आरएल’ असेल तर ती रॉबर्ट लडविग यांनी कापलेली. तिच्यात खर्ज आणि जोर इतका आहे की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची, म्हणून कंपनीने तो अल्बम पुढे सौम्य करून पुन्हा कापून घेतला. दोन प्रती शेजारी वाजवल्या तर एकच मिक्स आहे यावर विश्वास बसत नाही.

लेबल आणि आतलं साहित्यही तपासा. ‘डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३)च्या पहिल्या ब्रिटिश प्रतीच्या लेबलवर भरीव निळा त्रिकोण असतो, नंतरच्या प्रतींवर नुसती बाह्यरेषा. आत दोन पोस्टर आणि दोन स्टिकर हवीत. ‘व्हाइट अल्बम’मध्ये चार छायाचित्रं, एक पोस्टर आणि मुखपृष्ठावर उठवलेला अनुक्रमांक.

‘स्टिकी फिंगर्स’ (१९७१)ची खरी झिप असलेली प्रत मिळाली तर झिप पूर्ण वर ओढून कपाटात ठेवू नका. तिचा दांडा मुखपृष्ठातून दाबत जाऊन शेजारच्या तबकडीवर खळगा पाडतो. झिप मध्यापर्यंत खाली ओढली की दांडा लेबलच्या जागी येतो, खाच वाचते. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक जाड पुठ्ठा ठेवा.

आणि पहिलं प्रेसिंग म्हणजे सर्वोत्तम प्रत, हे समीकरण सोडा. पार्टीत जड सुईने शंभरदा वाजलेल्या पहिल्या प्रतीपेक्षा स्वच्छ तिसरी प्रत कितीतरी बरी. जुन्या प्रतींच्या दर्जाच्या श्रेणीत ‘व्हीजी प्लस’च्या खाली जाऊ नका, ‘व्हीजी’ हे नाव ‘व्हेरी गुड’चं असलं तरी शांत जागी खरखर ऐकू येईल असाच त्याचा व्यवहारातला अर्थ. ‘जी’ म्हणजे गुड, आणि ती प्रत फक्त मुखपृष्ठासाठी घ्यायची.

बीसाइड

@खरखर, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. पण सगळी चर्चा एलपीवरच होऊ नये. १९८३ ते १९९३ या काळातल्या सीडी आज दुर्लक्षित आहेत आणि बऱ्याच अल्बमसाठी त्याच सर्वोत्तम ठरतात. तेव्हा टेप जवळजवळ जशीच्या तशी डिजिटल केली जायची. आवाज कमाल पातळीला नेऊन चेपण्याची चढाओढ नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर सुरू झाली. इगी अँड द स्टुजेसच्या ‘रॉ पॉवर’चं १९९७चं रीमिक्स हे तिचं टोक, ध्वनीच्या आलेखातल्या लाटेचे माथे सरळ कापलेले. डेव्हिड बोवी यांनी केलेलं १९७३चं मिक्स २०१०च्या आवृत्तीत परत मिळतं, तेच घ्या.

जुनी सीडी ओळखायच्या खुणा: आतल्या वलयाजवळ ‘आयएफपीआय’ कोड नसेल तर ती साधारण १९९४च्या आधीची. मागच्या बाजूला ‘एएडी’, ‘एडीडी’, ‘डीडीडी’ असे तीन अक्षरी कोड असतील. पहिलं अक्षर ध्वनिमुद्रण, दुसरं मिक्स, तिसरं मास्टर, अॅनालॉग की डिजिटल ते सांगतात.

या सीडींत दोन सापळे आहेत. पहिला प्री-एम्फसिस. सुरुवातीच्या काही सीडींवर, विशेषतः जपानी, तार सूर मुद्दाम वाढवून नोंदवले आहेत (५०/१५ मायक्रोसेकंद) आणि प्लेअरने ते परत खाली आणायचे असतात. सीडी प्लेअर ते आपोआप करतो. संगणकावर रिप केली तर वाढवलेला आवाज तसाच फाइलमध्ये येतो, आणि मग ‘जुन्या सीडी कर्कश असतात’ असा समज होतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिप करणाऱ्या प्रोग्रॅमच्या क्यू शीटमध्ये (गाण्यांच्या नोंदींची फाइल) त्या गाण्यापुढे ‘प्री’ हा फ्लॅग दिसला की सॉक्स या प्रोग्रॅमचा ‘डीएम्फ’ इफेक्ट लावून फाइल दुरुस्त करा. काही डिस्कवर ही खूण विषयसूचीत नसते, फक्त सबकोडमध्ये (आवाजाबरोबर नोंदलेली जादा माहिती) असते. म्हणून दोन्ही ठिकाणी बघणारं सॉफ्टवेअर वापरा.

दुसरा सापळा म्हणजे काळवंडणं. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात छापलेल्या बऱ्याच डिस्क कडेकडून तांबूस-तपकिरी होत जातात. वरचं लॅकर पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकत नाही आणि धातूचा थर गंजतो. वलयावर ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असेल तर ती आधी रिप करा, बाकीच्या नंतर.

रात्रपाळी

रिपचं तपशिलात लिहितो, कारण एकदा नीट केलं की पुन्हा हात लावावा लागत नाही.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. सिक्युअर मोड (पुन्हा वाचून पडताळणारा) निवडा. ड्राइव्ह कॅश करत असेल (वाचलेला डेटा तात्पुरता साठवत असेल) तर ती नोंद खरी ठेवा, नाहीतर दुसऱ्यांदा वाचलेला डेटा डिस्कवरून न येता कॅशमधूनच येतो आणि पडताळणीला अर्थ राहत नाही. ड्राइव्हचा रीड ऑफसेट भरा. प्रत्येक मॉडेल काही सॅम्पल (आवाजाचे सूक्ष्म तुकडे) पुढे-मागे वाचतं. ६६७ सॅम्पलचा ऑफसेट म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद, कानाला कळणारही नाही, पण तो चुकला तर अॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपशी ताडून बघणारी ऑनलाइन नोंद) जुळवणी नीट होत नाही आणि शेवटच्या गाण्याची शेपटी तुटू शकते.

रिप झाल्यावर लॉग वाचा. सगळ्या गाण्यांपुढे ‘अॅक्युरेटली रिप्ड’ आलं तर काम झालं. एखादं गाणं जुळत नसेल तर क्यूटूल्समध्ये तपासा. वेगळ्या प्रेसिंगमुळे सरकलेला डेटा तो ओळखतो आणि ओरखड्यामुळे गेलेले थोडे सॅम्पल असतील तर दुरुस्तही करतो. लॉग आणि क्यू शीट अल्बमच्या फोल्डरमध्येच ठेवा.

लॉगचा आणखी एक उपयोग बऱ्याच जणांना माहीत नसतो. त्यात प्रत्येक गाण्याची कमाल पातळी टक्क्यांत असते. दोन वेगळ्या देशांतल्या, वेगळ्या क्रमांकाच्या सीडींची ही पातळी सगळ्या गाण्यांत दशांशापर्यंत जुळली तर मास्टर एकच आहे असं बहुतेक खात्रीने म्हणता येतं. मग दुर्मीळ प्रतीसाठी जादा पैसे मोजायचं कारण उरत नाही.

फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न गमावता आकार कमी करणाऱ्या स्वरूपात. लेव्हल ५ आणि लेव्हल ८ यांच्या आवाजात काहीच फरक नाही, फक्त आकार आणि एन्कोडिंगचा वेळ बदलतो. एकमेकांना जोडलेल्या गाण्यांचे अल्बम, ‘अॅबी रोड’ची दुसरी बाजू किंवा ‘डार्क साइड’, तपासणीला ठेवा: गाणं बदलताना बारीकशी उचकी ऐकू आली तर प्लेअरमध्ये गॅपलेस (गाण्यांमध्ये खंड न पडू देणारी सोय) बंद आहे.

चैत्रपालवी

डायनॅमिक रेंजच्या (मोठ्या आणि सरासरी आवाजातलं अंतर) याद्यांमध्ये एलपीचा आकडा १२ आणि त्याच अल्बमच्या सीडीचा ८ असं दिसतं. म्हणजे एलपीचं मास्टर कमी चेपलेलं, असंच ना?

बीसाइड

नाही, या आकड्यावरून असा निष्कर्ष काढू नका. तेच चेपलेलं मास्टर एलपीवर कापलं तरी खाच, सुई आणि फेज सरकल्यामुळे सरळ कापलेल्या माथ्यांची टोकं पुन्हा वर-खाली होतात आणि मीटर ३-४ अंक जास्त दाखवतो. आवाज मात्र तितकाच चेपलेला असतो. सीडीची तुलना सीडीशी करा, डाउनलोडची डाउनलोडशी. आणि आकडा एका बाजूला ठेवून लाट डोळ्यांनी बघा: ड्रमच्या ठोक्याचं टोक सुटं वर येतंय की सगळा भाग विटेसारखा सपाट आहे?

ऐकून तुलना करायची तर आधी पातळी सारखी करा. थोडा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, म्हणून रीमास्टर पहिल्या मिनिटाला जिंकतो आणि तिसऱ्या गाण्याला थकवतो. दोन्ही फाइलचं रीप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करायचा आकडा) काढा, फरक ०.१-०.२ डेसिबलच्या आत आणा, फूबार२००० या प्लेअरच्या एबीएक्स तुलनेत (कोणती फाइल वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारी) डोळे मिटून ऐका. अल्बमसाठी कायम अल्बम गेन वापरायचं. ट्रॅक गेन लावलं की हळू गाणंही जोरकस गाण्याइतकं मोठं होतं आणि अल्बमची चढ-उतार मोडते.

खरखर

एलपी धुणं आणि रिप करणं राहिलंय.

८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली शुद्ध आयसोप्रोपाइल अल्कोहोल, सुगंध नसलेल्या सर्फॅक्टंटचे (पाणी खाचेत पसरवणारा साबणासारखा पदार्थ) दोन-तीन थेंब. लेबलपासून सेंटीमीटरभर लांब राहून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने. कधीच आडवं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा धुवा. ही दुसरी धुणी टाळली तर सर्फॅक्टंट खाचेत वाळतं आणि सुईच्या टोकावर राखाडी गोळा जमतो. हे द्रावण ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकड्यांना लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते. अल्ट्रासॉनिक टाकी वापरत असाल तर त्यात अल्कोहोल घालूच नका, तापल्यावर वाफ पेट घेऊ शकते. पाण्याचं तापमान ३५ अंशांच्या वर नको.

वाळल्यावर जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका. आत एचडीपीईचं अँटिस्टॅटिक पाकीट, बाहेर पॉलिप्रॉपिलिनचं. पीव्हीसीचं जाड, चकचकीत आवरण टाळा. त्यातलं प्लॅस्टिसायझर काही वर्षांत तबकडीवर धुकट डाग पाडतं, ते धुऊन जात नाहीत. तबकड्या उभ्याच ठेवायच्या, फार घट्ट नाही, तिरप्या तर नाहीच.

वाजवण्यापूर्वी सुईचा भार वजनकाट्यावर मोजा. कार्ट्रिजने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात ठेवा, १.८ ते २.२ ग्रॅम दिलं असेल तर २ ते २.१. कमी भाराने तबकडी वाचते हा गैरसमज आहे. सुई खाचेत नीट न बसता आपटत राहते आणि भिंती सोलते. प्रोट्रॅक्टरवर (सुईचा कोन जुळवायची पट्टी) कार्ट्रिज जुळवा. बेअरवाल्ड पद्धतीत शून्य चुकीचे बिंदू ६६.० आणि १२०.९ मिमीवर येतात.

बाजूचं शेवटचं गाणं फाटल्यासारखं वाजतं त्याचं कारण भूमिती. ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेशी खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंमी सरकते, आतल्या टोकाशी २१ सेंमी. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. जुळवणी बरोबर असूनही ‘स’, ‘श’ फाटत असतील तर इलिप्टिकल टोकाच्या सुईच्या जागी अधिक बारीक टोकाची मायक्रोलाइन सुई लावा. तरीही फाटले तर ती झीज आहे, दुसरी प्रत शोधा.

रिप २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा ठोका -६ डेसिबलच्या आसपास. वेग तपासा, एक टक्का चूक म्हणजे १७ सेंट, गिटार सोबत घेऊन वाजवणाऱ्याला ती लगेच खटकते. आधी क्लिक काढा, मोठे हाताने, बारीक सॉफ्टवेअरने. सरसकट नॉइज रिडक्शन लावू नका; झांजांची शेपटी आणि खोलीची हवा आधी जाते, खरखर शेवटी.

शुक्रतारा

दुकानातून घेतलेल्या हाय-रेझ डाउनलोडचं काय? २४/९६ लिहिलेलं असतं, ते खरं कसं ओळखायचं?

रात्रपाळी

स्पेक या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा. रंगीत आलेख २२ किलोहर्ट्झला कात्रीने कापल्यासारखा थांबत असेल तर ती सीडीच्या दर्जाची फाइल मोठ्या डब्यात घातली आहे. १६च्या आसपास थांबत असेल तर १२८च्या एमपी३वरून बनलेली, २०च्या आसपास असेल तर ३२०च्या एमपी३ची शंका घ्या. जुन्या टेपचा आवाज वर जाताना हळूहळू विरतो, सरळ रेषेत तुटत नाही. पण २४/९६ खरं असलं तरी मास्टर चेपलेलं असू शकतं, त्यामुळे बीसाइड यांनी सांगितलेली लाटेची तपासणी इथेही करा.

टॅगचं थोडक्यात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड वापरा, पण अल्बम आपोआप जुळवू देऊ नका. मागचा बारकोड किंवा कॅटलॉग क्रमांक घालून नेमकी प्रत निवडा. मूळ प्रकाशनाचं साल आणि या प्रतीचं साल वेगवेगळ्या टॅगमध्ये ठेवा, नाहीतर १९६७चे अल्बम यादीत २००९ला जाऊन बसतात. फोल्डरच्या नावात साल, अल्बम, आणि शेवटी मिक्स-मास्टरची खूण: ‘१९६७ सार्जंट पेपर, मोनो, २००९’. एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या ठेवत असाल तर अल्बमच्या टॅगमध्येही ही खूण हवी, नाहीतर प्लेअर दोन्हींची गाणी एकत्र करून प्रत्येक गाणं दोनदा वाजवतो. जुन्या डबल एलपी रिप करताना बाजूंचा क्रम लेबलवर बघा. ऑटो चेंजरसाठी बनवलेल्या संचात पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि ४ असतात.

तबकडी

मंडळी, फार मोलाची माहिती. जिथे आवृत्ती चुकली तर अल्बमच चुकतो अशी आणखी काही नावं जोडतो.

‘टस्क’, फ्लीटवुड मॅक, १९७९: डबल एलपी एका सीडीत बसवण्यासाठी पहिल्या सीडीवर ‘सारा’ कापून छोटं केलं आहे. पूर्ण लांबीचं २००४च्या आवृत्तीत.

‘ब्रदर्स इन आर्म्स’, डायर स्ट्रेट्स, १९८५: इथे उलट. सीडी सुमारे ५५ मिनिटांची, मूळ एलपी सुमारे ४७. पहिल्या बाजूची गाणी एलपीसाठी आखूड केली. मूळ ध्वनिमुद्रण डिजिटल आहे, तेव्हा १९८५ची सीडी घ्यायला काहीच हरकत नाही.

‘द व्हेल्वेट अंडरग्राउंड’, १९६९: दोन मिक्स आहेत. लू रीड यांचं ‘क्लॉझेट मिक्स’, गायन अगदी कानाशी. आणि व्हॅल व्हॅलेंटिन यांचं, जे बहुतेक प्रतींवर आहे. पहिल्यांदा घेणाऱ्याने व्हॅलेंटिन घ्यावं, दुसरं नंतर.

‘बेगर्स बँक्वेट’, रोलिंग स्टोन्स, १९६८: मूळ एलपीपासून अल्बम किंचित संथ वाजत होता, वेग २००२च्या एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) मालिकेत दुरुस्त झाला. गिटार घेऊन सोबत वाजवणाऱ्यांनी हीच प्रत घ्यावी.

‘टिम’, द रिप्लेसमेंट्स, १९८५: मूळ मिक्समध्ये ड्रम प्रतिध्वनीत बुडालेले. एड स्टेशियम यांचं २०२३चं रीमिक्स हे रीमिक्सच्या बाजूने देण्यासारखं सगळ्यात भक्कम उदाहरण.

मंद्र

‘स्कायलार्किंग’ (१९८६) राहिला. एक्सटीसीच्या या अल्बमची पोलॅरिटी तयार होतानाच उलटी झाली होती आणि ते २०१०मध्ये लक्षात आलं. उलटं म्हणजे ड्रम वाजल्यावर स्पीकरचा पडदा पुढे येण्याऐवजी मागे जातो. खर्ज पातळ आणि अंतर पडल्यासारखं वाटतं.

शुक्रतारा

माझ्याकडे त्याची जुनी सीडी आहे. रिप उलटून घेतली तर तीच दुरुस्त होते का, की २०१०ची घ्यायलाच हवी?

मंद्र

उलटून घेता येईल. ऑडॅसिटीमध्ये दोन्ही चॅनेल निवडून इफेक्टमधलं ‘इन्व्हर्ट’ एकदाच लावा. एकच चॅनेल उलटलात तर मधोमध असलेलं गायन विखुरल्यासारखं आणि खर्ज पातळ होईल, म्हणून निवड नीट तपासा. फ्लॅकमध्ये सेव्ह करताना डिदर (मुद्दाम मिसळला जाणारा सूक्ष्म आवाज) बंद ठेवा, मग फक्त चिन्ह बदलतं. मूळ रिप वेगळी ठेवा, कारण उलटलेली फाइल अॅक्युरेटरिपशी जुळणार नाही. आणि सीडीवर ‘डिअर गॉड’ आहे की ‘मर्मेड स्माइल्ड’ ते बघा. अमेरिकेत सुरुवातीनंतर पहिलं आत घेऊन दुसरं काढलं होतं. २०१०च्या आवृत्तीत दोन्ही आहेत, तेव्हा एक गाणं कमी असेल तर ती घेण्याला तेवढं कारण पुरेसं आहे.